पेस्टिंगनंतरची संध्याकाळ : दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेतलं. गाव, माणसं, हॉस्पिटल कुणाचंच नाव देत नाहीये, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. मी या पट्ट्यात द्राक्षाचा सल्लागार म्हणून फिरतो, ही बाग माझ्याकडेच होती, त्यामुळे मालक (त्यांना अण्णा म्हणू), मुकादम आणि नंतर दोन्ही डॉक्टर यांच्याकडून त्या रात्रीचं सगळं मला नीट विचारून घेता आलं.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, माल येतो तो गोडी छाटणीवर. अडचण अशी की युरोपसारखी कडक थंडी इथे नाही, त्यामुळे वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही, छाटलं की काडीच्या टोकाचे एक-दोन डोळे (म्हणजे नवी फूट जिथून निघते ते कोंब) फुटून पुढे पळतात आणि खालचे तसेच बसून राहतात. म्हणून छाटणी झाल्यावर साधारण एक-दोन दिवसांच्या आत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, याला सगळे पेस्टिंग म्हणतात. बाटलीत ते ५० टक्क्यांच्या आसपास असतं, आम्ही लिटरला ३० ते ४० मिली घेतो, ऊन तापत असेल तर कमी आणि गारवा असेल तर जास्त. कुठल्या काडीला लागलं ते कळावं म्हणून त्यात रंग टाकतात. मग मजूर एका हातात डबा, दुसऱ्या हातात स्पंज किंवा कापडाचा बोळा घेऊन दिवसभर काडी काडी पुसत जातात. हातमोजे असतात, पण दुपारपर्यंत छाटलेल्या काड्यांना लागून बोटांजवळ फाटतात, आणि फाटलेला मोजा तर न घातलेल्यापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं औषध आतच राहतं आणि घामाबरोबर मुरत बसतं.

आता हे औषध करतं काय ते बघा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. डोळ्यात कॅटॅलेज नावाचं एंझाइम असतं, ते हायड्रोजन पेरॉक्साइड मोडत असतं. सायनामाइड त्या कॅटॅलेजला दाबतं, पेरॉक्साइड साठतं, त्या ताणाने डोळा फुटतो. माणसाच्या अंगात गेलं की तेच कॅटॅलेज सायनामाइडचं रूपांतर अशा पदार्थात करतं जो अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे दुसरं एंझाइम बंद पाडतो. एरवी दारू प्यायली की लिव्हर तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं आणि हे दुसरं एंझाइम लगेच त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करून टाकतं. दुसरंच बंद असेल तर पुढचा नाका बंद आणि मागून ट्रक येतच राहतात अशी गत, अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि चेहरा लाल, डोकं ठणकणं, धडधड, उलट्या, बीपी खाली असं सुरू होतं.

यात नवीन काहीच नाही. १९१४ मध्ये जर्मनीत कोल्श नावाच्या डॉक्टरने कॅल्शियम सायनामाइड खताच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू प्यायल्यावर असा त्रास होतो हे लिहून ठेवलंय. पुढे १९५६ मध्ये कॅनडात हाच गुण वापरून दारू सोडवायचं औषध म्हणून ते देऊन बघितलं, आणि स्पेन-जपानमध्ये असं औषध बरीच वर्षं चाललं. म्हणजे दारू सोडवायच्या दवाखान्यात जे मोजून-मापून, पेशंटला सांगून देतात ते आमच्या बागेत न सांगता बोटांतनं जातंय.

काय घडलं

ऑक्टोबरचा मधला आठवडा, ऊन मरणाचं. अण्णांची तीन एकर छाटून झालेली, त्यातली निम्मी पेस्टिंग त्या दिवशी झाली. टोळी पेठ-सुरगाण्याकडची, उक्त्यावर आलेली, बागेतल्याच शेडमध्ये मुक्काम. कामाची वाटणी अशी होती की पुरुषांतले काही आणि दोन बाया पेस्टिंगला, बाकीचे छाटलेल्या काड्या ओढून बांधावर टाकायला.

संध्याकाळी पैसे वाटले. चौघे पुरुष शेडच्या मागे बसले, देशीची एकच बाटली, एकाच ग्लासातनं. पंधरा-वीस मिनिटांत मुकादमाच्या मेव्हण्याला गरम व्हायला लागलं, डोळे तांबारले, मान आणि छाती तापल्यासारखी लाल झाली, मग उलट्या सुरू. एकाने अनुभवाचा सल्ला दिला की चढलीये, अजून घोटभर दे म्हणजे उतरेल. दिली. पाच मिनिटांत माणूस आडवा. तोवर मुकादमाच्या चुलतभावालाही धडधडायला लागलं, पण त्याने कमी घेतली होती, तो बसून होता.

शेडमध्ये तीन अंदाज निघाले. बायका म्हणाल्या दारूत काहीतरी कालवलंय. एक म्हातारा म्हणाला पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, बांधावर गवत आहे. आणि मुकादमाच्या मनात जे आलं ते तो कुणाशी बोलला नाही, नंतर मला सांगितलं, की मेव्हण्याचं घरी भांडण चालू होतं, औषध तर नाही ना प्यायला.

निर्णयाची पहिली जागा : बागेतून निघताना

अण्णांना फोन गेला, ते गाडी घेऊन आले. गावातल्या खाजगी डॉक्टरकडे न्यायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं की सरळ दिंडोरी रोडने नाशिक गाठायचं? अण्णांनी आरोग्य केंद्र निवडलं कारण ते दहा मिनिटांवर होतं आणि नाशिकला म्हसरूळ-पंचवटीतनं जाईपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला असता. पेशंट पडलेला, नाडी लागेना, तर मला तरी हा निर्णय बरोबर वाटतो.

पण पेस्टिंगच्या औषधाची बाटली बरोबर घेतली नाही. कारण कुणालाच या औषधाशी संबंध वाटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अण्णांना वाटायलाही नको होता. मजूर बागेत काम करताना पडला म्हटलं की पोलीस, जबाब, भरपाई, गावात चर्चा, हे सगळं त्या दहा मिनिटांत त्यांच्या डोक्यात फिरून गेलं होतं.

आरोग्य केंद्रातले पर्याय

ड्युटीवर नुकतीच एमबीबीएस झालेली बंधपत्रावरची डॉक्टर होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडे कुणीही विचारेल तोच, आज फवारणी केली का? अण्णा, मुकादम, ड्रायव्हर, तिघेही म्हणाले नाही. आणि ते खरं होतं! फवारणी नव्हतीच, पेस्टिंग होतं. शेतकऱ्याच्या हिशोबात या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पंप पाठीवर घेतला तर फवारणी.

तिच्यासमोर आता चार शक्यता. एक, ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक, म्हणजे आपल्याकडची नेहमीची विषबाधा, त्यात अॅट्रोपिन लगेच सुरू करतात. दोन, दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल. तीन, साप. चार, नुसती जास्त झालेली दारू आणि उन्हाचा त्रास. केंद्रातल्या जुन्या कंपाउंडरने अॅट्रोपिन भरूनही ठेवलं होतं, कारण त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात द्राक्षबागेतनं उलट्या करत आलेला माणूस म्हणजे औषधाचाच पेशंट, आणि दहापैकी बहुतेक वेळा तो बरोबरच असतो.

डॉक्टर थांबली. का थांबली ते तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडातनं लाळ-फेस, छातीत घरघर, अंगाला दरदरून घाम, स्नायू उडतात, नाडी बऱ्याचदा मंद. इथे बाहुल्या नॉर्मल, तोंड कोरडं, छाती स्वच्छ, नाडी १३० च्या वर आणि बीपी ८०/५०. आधीच घोड्यासारख्या पळणाऱ्या हृदयाला अॅट्रोपिन दिलं तर ते अजून पळवणार. पापण्या पडलेल्या नव्हत्या, दंश दिसत नव्हता, त्यामुळे मण्यार वगैरे तिने बाजूला ठेवलं, पण नजर त्यावर ठेवली. मिथेनॉलचं म्हणाल तर त्याचा त्रास सहसा बऱ्याच तासांनी सुरू होतो, डोळ्यांसमोर धूसर होतं, पंधरा मिनिटांत माणूस असा पडत नाही.

मग काय आहे हे तिला माहीत नव्हतं, पण काय नाही हे बऱ्यापैकी कळलं होतं. तिने दोन सलाईन वेगाने सोडल्या, पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, कुशीवर वळवलं आणि नाशिकच्या तिच्या एका सिनियरला फोन लावला.

दोन प्रश्न

सिनियरने फवारणीचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, आज हाताने काय काम केलं, आणि संध्याकाळी प्यायला का. मुकादमाने सांगितलं पेस्टिंग. झालं, पलीकडून लगेच उत्तर आलं.

तरी त्यांनी एक खात्री करून घेतली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. त्यांनी विचारलं, त्या बाटलीतनं अजून कोण कोण प्यायलं आणि त्यातलं कोण बरं आहे? चौघे प्यायले होते. दोघांना त्रास, दोघे ठणठणीत, आणि ते ठणठणीत दोघे दिवसभर काड्या ओढत होते, त्यांनी डब्याला हात लावला नव्हता. मग विचारलं, पेस्टिंग करूनही कोण बरं आहे? त्या दोन बाया, त्या प्यायल्या नव्हत्या, त्यांची फक्त बोटं जळजळत होती. म्हणजे नुसत्या दारूने कुणी पडलं नाही, नुसत्या पेस्टिंगने कुणी पडलं नाही, दोन्ही ज्यांनी केलं तेच पडले. ना लॅब, ना मशीन, फोनवर दोन मिनिटांत दारूतल्या भेसळीची शक्यता जवळजवळ निकालात निघाली. (पोलिसांनी नंतर दारूची बाटली नेली ती वेगळी गोष्ट.)

याला अँटिडोट असा नाही. अॅसिटाल्डिहाइड तयार होणंच थांबवणारं फोमेपिझोल नावाचं औषध आहे, पण आपल्याकडच्या हॉस्पिटलांत ते सहसा नसतं आणि महाग असतं. त्यामुळे बीपी धरून ठेवायचं आणि अंगातली दारू संपेपर्यंत वाट बघायची, उपचार एवढाच.

नाशिकमध्ये काय केलं

दोघांनाही १०८ ने नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये हलवलं. तोवर अण्णांच्या मुलाने बाटली पोचवली होती. बाटलीवरचं नाव वाचून आयसीयूतल्या कुणीतरी सायनाईडचा किट काढायचा का विचारलं. सिनियर तिथेच होते, त्यांनी नको म्हटलं, कारण या औषधातनं शरीरात सायनाईड सुटत नाही आणि त्या किटमधलं नायट्राइट बीपी अजून पाडतं, इथे आधीच बीपीचाच प्रश्न. पोट धुवायचं का यावरही बोलणं झालं, औषध तोंडावाटे गेलेलंच नव्हतं म्हणून ते टाळलं. उलट दोघांचे कपडे काढून हातपाय साबणाने चांगले धुतले, नखांत रंग अडकला होता तो ब्रशने काढला. हे खरं तर आरोग्य केंद्रातच व्हायला हवं होतं.

मेव्हण्याला सलाईनने पुरेसं झालं नाही म्हणून काही तास बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनालिन लावावं लागलं. पहाटेपर्यंत बीपी सावरलं. कोलिनेस्टरेजचा (ऑरगॅनोफॉस्फेट अंगात गेलं की रक्तात कमी होणाऱ्या एंझाइमचा) रिपोर्ट सकाळी आला, नॉर्मल, म्हणजे कीटकनाशकाचा प्रश्नही मिटला.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, झालीच, व्हायलाच हवी होती. पोलिसांनी जबाब घेतले. इथे अण्णांनी एक चांगलं केलं, रात्री जे दाबून ठेवलं होतं ते सकाळी सरळ सांगितलं, औषध कुठलं, किती मिली, कुणी कुणी लावलं सगळं. त्यामुळे मेव्हण्याच्या नावावर जो आत्महत्येच्या प्रयत्नाचा संशय चिकटला असता तो चिकटला नाही, आणि त्याच्या घरच्यांसाठी ही गोष्ट बिलापेक्षा मोठी होती.

निर्णयाची दुसरी जागा : उरलेली दीड एकर

आता हा भाग डॉक्टरांच्या कागदावर कुठेच येत नाही. सकाळी अण्णांचा मला फोन, छाटलेली दीड एकर बाग पेस्टिंगविना उभी आहे, वेळ निघून चाललीये, काय करू.

पर्याय असे होते. सोडून द्यायची, मग फूट मागेपुढे होणार, एका वेलीवर घड वेगवेगळ्या वयाचे, पुढे डिपिंगपासून (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्यापासून) काढणीपर्यंत सगळा गोंधळ. दुसरं, पंपाने मारायचं, मजूर कमी लागतात. मी नको म्हटलं, कारण पंपाचा तुषार तोंडावर-छातीवर येतो, बोटांचा प्रश्न सोडवायला जाऊन श्वासाचा तयार होतो. तिसरं, टोळीतल्या बायांना सगळं पेस्टिंग द्यायचं, त्या पीत नाहीत.

तिसरा सगळ्यांना एकदम पटला, मुकादमालाही. मला नाही पटला. या औषधाचा त्रास म्हणजे फक्त दारूबरोबरचा त्रास नाही. कातडीला ते जाळतं. विजापूरच्या त्वचारोग डॉक्टरांनी २००७ मध्ये द्राक्षमजुरांच्या अंगावर आलेले गंभीर पुरळ छापून दाखवलेत, साधी खाज नव्हे, स्टीव्हन्स-जॉन्सन या कातडी सोलवटणाऱ्या गंभीर आजारासारखे दिसणारे. दारू सोडवायला हे औषध दीर्घकाळ घेतलेल्यांच्या लिव्हरच्या पेशींत बदल सापडलेत. जी बाई पीत नाही तिला त्या रात्री काही होणार नाही म्हणून सीझनभर तिचेच हात त्यात बुडवायचे, ही तर नुसती धोक्याची बदली झाली. त्या दोघींतल्या एकीचे हात मी त्याच सकाळी बघितले, तर्जनी आणि अंगठ्याची कातडी वर्ख निघावा तशी सुटलेली, भाकरी थापता येत नव्हती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं कारण रात्रीपासून सगळे दवाखान्यात होते.

शेवटी ठरलं ते असं. औषध मिसळायचं फक्त अण्णांनी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गॉगल, जाड मोजे घालून, कारण खरा धोका बाटलीतल्या घट्ट औषधाचा आहे. स्पंज बंद, लांब दांड्याचा ब्रश. नायट्राइलचे मोजे, फाटला की लगेच दुसरा, त्यासाठी बॉक्स बागेतच. पेस्टिंगवाले अर्धा दिवस, मग दुसरी माणसं. शेडजवळ पाण्याची टाकी, साबण, कपडे बदलल्याशिवाय जेवण नाही. आणि पिणाऱ्यांना सरळ विचारायचं, भाषण द्यायचं नाही, आठ दिवस थांबू शकतोस का, नसशील तर काड्या ओढ, रोज (मजुरी) तोच मिळेल. तिघांनी सरळ सांगितलं नाही जमणार, ते काड्यांवर गेले. मला वाटतं रोज तोच ठेवला म्हणूनच ते खरं बोलले.

निकाल

चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी घरी, मेव्हणा तिसऱ्या दिवशी. डिस्चार्जला डॉक्टरांनी सांगितलं की पेस्टिंग चालू असेपर्यंत आणि नंतर आठवडाभर दारू अजिबात नको. दवाखान्यात गोळी म्हणून दिलेल्या सायनामाइडचा असर साधारण एखाद्या दिवसात उतरतो, पण पेस्टिंगवाल्याला रोज नवा डोस मिळत असतो म्हणून त्यांनी हात राखून सांगितलं. आणि एक गोष्ट जी मलाही सुचली नसती, आसव-अरिष्टं आणि काही खोकल्याची सिरप यांतही अल्कोहोल असतं, तेही बंद. टोळीतल्या एका म्हाताऱ्याकडे द्राक्षासवाची बाटली निघालीच.

बिल अण्णांनी भरलं, बुडालेल्या रोजावरून मात्र मुकादमाशी वाजलं, मग निम्मं-निम्मं झालं. उशिरा पेस्टिंग झालेल्या ओळींत फूट थोडी मागेपुढे आली, विरळणीला जास्त माणसं लागली, माल निघाला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे प्रश्न. सप्टेंबर ते नोव्हेंबर दिंडोरी-निफाड-चांदवडच्या कुठल्याही केंद्रात उलट्या आणि धडधड घेऊन मजूर आला तर पेस्टिंग केलं का आणि प्यायला का, हे फवारणीच्या प्रश्नाच्या शेजारीच विचारलं पाहिजे. त्या डॉक्टरने हे दोन प्रश्न एका कागदावर लिहून केंद्रातल्या ड्रेसिंग टेबलच्या वर चिकटवलेत.

दुसरं, अण्णांचं गप्प राहणं. त्याने साधारण अर्धा तास गेला असेल, यावेळी निभावलं. याचा दोष एकट्या अण्णांना देणं मला सोपं वाटतं, कारण खरं सांगितलं तर आपलं काय होईल हे शेतकऱ्याला कुणीच सांगितलेलं नसतं, पोलिसांनीही नाही आणि आम्ही सल्लागारांनीही नाही.

तिसरं, औषधाचं. युरोपियन युनियनने २००८ मध्ये याला मान्यता नाकारली, त्याआधी इटलीतल्या कामगारांच्या आजारपणावर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात २००१ आणि २००५ मध्ये अहवाल आले होते, त्यात दारूचा हाच किस्सा आहे. न्यूझीलंडमध्ये किवीच्या बागांना हेच लागतं, तिथेही फेरतपासणी झाली. आपल्याकडे उद्या बंद करा म्हटलं तर माझ्याकडे तेवढं खात्रीचं दुसरं काही नाही. छाटणीआधी इथेफॉनने पानगळ नीट करून घेतली आणि काडी पक्व असली तर डोस कमी ठेवता येतो हे मी स्वतः वापरतो. जपानमध्ये १९९२ मध्ये लसणाच्या पेस्टने डोळे फुटवून दाखवलेत, पण तीन एकराला किती पोती लसूण आणि त्याचा भाव काय हे कुणी अण्णांना विचारून बघावं.

यंदाच्या छाटणीआधी मुकादमाने स्वतःहून विषय काढला, पेस्टिंगला रोज वेगळा पाहिजे, मोजे मालकाचे आणि अर्धा दिवसच. मोजे आणि अर्धा दिवस अण्णांनी लगेच कबूल केलं. रोजावर ते पन्नास रुपये वाढवायला तयार आहेत, मुकादम शंभरवर अडून बसलाय.